मोठ्या आकड्यांची बेरीज, वहीत आणि प्रोग्राममध्ये: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्लासला येणारी पोरं, सोसायटीची पिग्मी म्हणजे रोजची बारकी बचत गोळा करणारे, बेळगावात रविवार पेठेत होलसेलच्या दुकानात गल्ल्यावर बसणारे काका, आणि इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारे, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलंय. क्रम असा काही नाही, तुम्हाला पाहिजे तो प्रश्न बघा आणि बाकीचे सोडा.

बेरीज उजवीकडूनच का सुरू करायची? डावीकडून केली तर चालत नाही काय?

चालते की. हातचा डावीकडे सरकतो म्हणून उजवीकडून सुरू केलं की लिहिलेला अंक परत खोडावा लागत नाही, एवढंच कारण आहे. बाजारात बसलेला माणूस तोंडी करतो तेव्हा डावीकडूनच करतो. ४७८ आणि ३५६ म्हटलं की तो आधी चारशे आणि तीनशे सातशे, मग सत्तर आणि पन्नास एकशेवीस म्हणजे आठशेवीस, मग आठ आणि सहा चौदा, झाले ८३४. तोंडी करताना हेच बरं पडतं कारण मोठी रक्कम आधी हाताला लागते, शेवटी गडबड झालीच तरी दोन-चार रुपयांची होणार, शेकड्याची नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतसुद्धा हेच सांगितलंय, त्या त्या स्थानाचे अंक मिळवा, क्रमानं करा नाहीतर उलट क्रमानं. तिथलं पहिलंच उदाहरण २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज असं आहे, उत्तर ३६०, पोरांना घालून बघा, ३२ चा ३ कुठल्या घरात लिहितात ते लगेच कळतं.

हातचा जास्तीत जास्त किती येतो?

दोनच संख्या असतील तर एकच्या वर कधीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नऊ अधिक नऊ अधिक आधीचा हातचा एक, एकोणीस, म्हणजे परत हातचा एकच. पण एकाखाली एक पाच संख्या असतील तर हातचा चारपर्यंत जाऊ शकतो, दहा असतील तर नऊपर्यंत, आणि बारा असतील तर अकरापर्यंत, म्हणजे संख्या जितक्या त्याच्यापेक्षा एक कमी. शाळेत "हातचा एक" इतकं पाठ करून घेतलेलं असतं की पोरं पाच ओळींच्या बेरजेतही डोळे झाकून एकच धरतात. कितीतरी चुका नुसत्या तिथनं येतात.

मी पिग्मी गोळा करतो, रोजची पन्नास-साठ जणांची यादी असते, वरनं खाली करताना मधेच विसरायला होतं. काय करू?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे. आमच्याकडं पिग्मी म्हणजे गल्लीगल्लीतली गोष्ट, पुढं सिंडिकेट बँक झाली त्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये ही रोजच्या छोट्या बचतीची स्कीम काढली आणि मग कर्नाटकातल्या बारक्या सोसायट्यांपर्यंत सगळ्यांनी उचलली. आता मशीनवर पावती निघते ते वेगळं, पण वहीशी ताळा लावायला बेरीज येतेच.

टिंब घालायची पद्धत वापरा. एककाच्या रांगेत वरनं खाली येताना बेरीज दहा झाली किंवा दहाच्या वर गेली की त्या अंकाशेजारी पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं आणि दहा सोडून द्यायचे, डोक्यात फक्त उरलेला एकच अंक ठेवायचा. समजा रांगेत ८, ७, ९, ६ आहेत. आठ आणि सात पंधरा, सातशेजारी टिंब, डोक्यात पाच. पाच आणि नऊ चौदा, टिंब, डोक्यात चार. चार आणि सहा दहा, टिंब, डोक्यात शून्य. खाली शून्य लिहा, टिंबं मोजा, तीन आहेत म्हणजे हातचा तीन. दहाच्या पुढचा आकडा डोक्यात कधीच नसतो त्यामुळं मधेच कुणी "काय ओ, चहा घेणार काय" म्हणून विचारलं तरी जिथं टिंब थांबलं तिथनं परत सुरू करता येतं.

आणि साठ ओळी एकदम करू नका. पंधरा-पंधराचे तुकडे करून बाजूला पोटबेरीज लिहा, मग चार पोटबेरजांची बेरीज. फरक आला तर सगळं पान परत करावं लागत नाही, एकच तुकडा शोधायचा.

पोरगा हातचा बरोबर घेतोय तरी उत्तर चुकतंय, असं का?

वही बघा त्याची. दहातल्या निम्म्या वेळा बेरीज बरोबर असते आणि मांडणी चुकलेली असते. ४७,८६५ मध्ये ९,३७८ मिळवायचे तर काही पोरं ९ नेऊन थेट ४ च्या खाली लिहितात, कारण दोन्ही आकडे डावीकडून सुरू केलेले असतात, आणि मग ५७,२४३ च्या ऐवजी १,४१,६४५ असलं काहीतरी येतं आणि त्यात पोराला वावगं काही दिसतही नाही. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक, वर ए, द, श, ह लिहायला लावा, महिनाभरात सुटेल.

दशांश चिन्ह असलं की तर विचारूच नका. उसाच्या दोन ट्रॉल्या, एक १२.४८५ टन आणि दुसरी ९.६ टन. पोरगं ९.६ चा ६ नेऊन ५ च्या खाली ठेवतं, म्हणजे ९.००६ झालं, आणि उत्तर येतं २१.४९१. खरं उत्तर २२.०८५. जवळजवळ सहाशे किलो ऊस वहीतच गायब, शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हे असं सांगितलं की बरोबर लक्षात राहतं. टिंबाखाली टिंब आणि रिकाम्या जागी शून्य, ९.६०० असं लिहायचं.

उत्तर बरोबर आहे का हे परत बेरीज न करता कसं कळणार?

नवाचा ताळा करा. प्रत्येक संख्येतले अंक एकत्र करायचे, परत करायचे, एक अंक उरेपर्यंत, नऊ आला तर शून्य धरायचा. ४७,८६५ चे अंक मिळून ३०, म्हणजे ३. ९,३७८ चे २७, म्हणजे ९, म्हणजे शून्य. दोन्ही मिळून ३. आता उत्तर ५७,२४३ चे अंक २१, म्हणजे ३. जुळलं.

पण हा ताळा फसवतो, हे कुणी सांगत नाही. घाईत ५७,४२३ लिहिलं असतं तरी अंक तेच, बेरीज २१ च, ताळा जुळलाच असता. अंकांची अदलाबदल नवाला दिसत नाही. ती धरायला अकराचा ताळा लागतो, उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा वजा, परत अधिक, असं. ४७,८६५ चं ५-६+८-७+४ म्हणजे ४. ९,३७८ चं ८-७+३-९ म्हणजे उणे ५, त्यात अकरा मिळवून ६. दोन्ही मिळून १०. ५७,२४३ चं ३-४+२-७+५ म्हणजे उणे १, म्हणजे १०, बरोबर. ५७,४२३ चं येतं ३, पकडलं. दोन्ही ताळे केले तर पुष्कळ सुरक्षित, पण रोज कोण करतंय, मी म्हणतो निदान नवाचा तरी करा.

रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ९० रुपयांचा फरक येतोय, दोनदा बेरीज केली, बेरीज बरोबरच आहे.

मग बेरीज सोडा, उतरवून घेतलेले आकडे बघा. फरकाला नवानं पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक कुठंतरी दोन अंक उलटे पडलेत, ४,७६० चे ४,६७० झाले की फरक बरोबर ९०. शून्य जास्त पडलं तरी तेच, ४५० च्या जागी ४,५०० लिहिलं की फरक ४,०५०, त्यालाही नवानं भाग जातो. आणि फरकाला दोननं भाग जात असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा, जमेची रक्कम नावे बाजूला पडलेली असायची शक्यता आहे.

आमच्या भागात हे उलटं पडणं जरा जास्तच होतं आणि त्याला कारण आहे. मराठीत सदुसष्ट म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि कन्नडमध्ये अरवत्तेळु म्हणताना साठ आधी. निपाणीच्या बाजारात किंवा संकेश्वरात एकजण कन्नडमध्ये सांगतोय आणि दुसरा मनात मराठी करून लिहितोय, त्यात फोनवर, मग ६७ चे ७६ व्हायला किती वेळ लागतो? आकडे एकेक करून सांगा, सहा, सात. भाषा कुठलीही असू दे.

मोबाईलवर कॅल्क्युलेटर असताना हे सगळं कशाला?

वापरा की कॅल्क्युलेटर. पण तो ९.६ च्या जागी ९६ दाबलं तर ९६ च धरणार, अंदाज तुम्हालाच पाहिजे.

प्रोग्राममध्ये नुसतं अधिक चिन्ह टाकलं की झालं ना, वेगळं काय शिकायचंय?

छोट्या आकड्यांना झालंच. पण पूर्णांक ज्या प्रकारात ठेवतात त्या इंटमध्ये जागा ठरलेली असते, ती बिटमध्ये मोजतात, एक बिट म्हणजे एक ० किंवा १. ३२ बिटच्या इंटमध्ये सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ बसतो, म्हणजे सव्वादोनशे कोटीसुद्धा नाही. त्यात एक मिळवा, जावामध्ये उत्तर उणे २,१४,७४,८३,६४८ येतं आणि एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप चुकतं. सीमध्ये तर भाषेचा नियमच म्हणतो की अशा वेळी काय होईल ते सांगता येत नाही, बहुतेक वेळा तसंच उणे होतं पण भरवसा ठेवू नका. जुन्या लॅबमध्ये टर्बो सी होतं तिथं इंट १६ बिटचा, ३२,७६७ च्या पुढं गेलं की संपलं, त्यामुळं वरच्या वर्गातल्या दादाचा जुना प्रोग्राम तुमच्या मशीनवर वेगळं उत्तर देतो त्याचं नवल नाही.

६४ बिटचा लाँग घेतला तर १९ अंकांपर्यंत जाता येतं, नेमकं सांगायचं तर ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ पर्यंत. पन्नास अंकी संख्या आली की तोही संपला. तिथं मग वहीतली पद्धतच मशीनला शिकवावी लागते.

पायथनमध्ये १२ आणि ३० ची बेरीज १२३० आली, काय भानगड?

इनपुटनं घेतलेलं सगळं स्ट्रिंग म्हणजे नुसती अक्षरांची माळ असते, स्ट्रिंगला अधिक म्हणजे एकाला एक चिकटवणं. आधी इंटमध्ये बदला, ४२ येईल.

मग हातानं करतो तसा प्रोग्राम कसा लिहायचा?

दोन्ही संख्या स्ट्रिंग म्हणून घ्या आणि मग हे असं:

हातचा = ०
उत्तर = रिकामी यादी
जोपर्यंत पहिलीत अंक शिल्लक आहेत, किंवा दुसरीत शिल्लक आहेत, किंवा हातचा ० पेक्षा जास्त आहे:
क = पहिलीतला उजवीकडून पुढचा अंक, संपले असतील तर ०
ख = दुसरीतला उजवीकडून पुढचा अंक, संपले असतील तर ०
बेरीज = क + ख + हातचा
उत्तराच्या यादीत टाका: बेरजेला १० नं भागून उरलेली बाकी
हातचा = बेरजेला १० नं भागून आलेला भागाकार, अपूर्णांक सोडून
शेवटी यादी उलटी करून छापा

एवढंच आहे. ह्यात पोरं कुठं अडकतात ते सांगतो. एक तर तिसरी अट विसरतात, हातचा शिल्लक असला तरी थांबतात, मग ९५ आणि ७ चं उत्तर ०२ येतं. दुसरं म्हणजे लांबी वेगळी असली की छोट्या संख्येच्या पलीकडं वाचायला जातात आणि सीमध्ये कचरा हाताला लागतो. तिसरं आणि सगळ्यात जास्त होणारं, स्ट्रिंगमधला '७' हा कीबोर्डवरचा इंग्रजी सात असतो आणि त्याची आतली किंमत सात नसते, ५५ असते, शून्याची ४८ असते, म्हणून त्यातून शून्याचं कॅरेक्टर वजा करायला लागतं. ते विसरलं की सात आणि आठ मिळून १११ येतात आणि पोरगं मशीनवर चिडतं. उत्तराला जागा किती ठेवायची हे विचारतात, तर मोठ्या संख्येत जितके अंक त्यापेक्षा एक जास्त, दोन संख्यांना त्याच्यावर कधीच लागत नाही. सीमध्ये स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्यासाठी अजून एक.

परीक्षेसाठी हे पाठ करू नका, वहीत ९९९ अधिक १ करा आणि प्रत्येक ओळीला क, ख, हातचा काय झालं ते शेजारी लिहा. वहीत जमलं तर प्रोग्राममध्ये जमणारच.

एकेक अंक ठेवणं वेडेपणा नाही काय, फास्ट कसं करायचं?

एका घरात नऊ-नऊ अंक ठेवा. दहाच्या जागी शंभर कोटी हा पाया झाला. दोन घरं आणि हातचा मिळून जास्तीत जास्त १,९९,९९,९९,९९९ होतात, ३२ बिटच्या इंटमध्ये आरामात बसतात. हातचा तरीही एकच. फक्त छापताना पहिलं घर सोडून बाकी घरं शून्यं लावून नऊ अंकी करायला विसरू नका, घरात ४५ असेल तर ०००००००४५ छापायचं, नाहीतर मधली शून्यं उडतात आणि उत्तर आखूड होतं. पायथन स्वतः आत हेच करतो, फक्त त्याचं घर ३० बिटचं असतं. जावात बिगइंटिजर आहे, जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट आहे, सीसाठी जीएमपी नावाची लायब्ररी आहे. कामासाठी ते वापरा, शिकण्यासाठी स्वतः लिहा.

पायथनला लिमिट नाही म्हणता, मग पाच हजार अंकी संख्या दिली तर एरर का येतो?

बेरजेला लिमिट नाहीच. स्ट्रिंगमधून आकडा करायला आणि आकड्याची स्ट्रिंग करायला नवीन व्हर्जनमध्ये ४,३०० अंकांची मर्यादा घातलीय, कारण ते रूपांतर अंक वाढले की फार हळू होत जातं आणि कुणी मुद्दाम लाखो अंक पाठवून सर्व्हर अडकवू शकतो. सिस मोड्यूलमधून ती मर्यादा वाढवता येते.

एक्सेलमध्ये टोटल कमी का दाखवतंय?

काही आकडे टेक्स्ट म्हणून बसलेत. समचा फॉर्म्युला टेक्स्ट सोडून देतो, काही बोलत नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल आणि आकडा डावीकडे चिकटलेला असेल, सिलेक्ट करून कन्व्हर्ट टू नंबर करा. उलटं पण होतं, सोळा अंकी खाते नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होतो कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, तिथं मात्र टाकायच्या आधीच सेल टेक्स्ट करून ठेवायचा. खाते नंबरची बेरीज कुणी करत नाही ना.

लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम पाहिजे असेल तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये डिजिट ग्रुपिंग बदला, १२,३४,५६७ असं दिसायला लागेल. आणि तसले स्वल्पविराम असलेला आकडा प्रोग्रामला देताना आधी ते काढून टाका, पायथनसुद्धा ते स्वीकारत नाही.

रुपये-पैशांची बेरीज प्रोग्राममध्ये एक-दोन पैशांनी का चुकते?

फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे ठेवायच्या प्रकारात, ०.१ नेमका मावत नाही, बायनरीत म्हणजे नुसत्या ०-१ मध्ये लिहिताना तो संपतच नाही. म्हणून ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ असलं येतं. सगळं पैशात करा, १२.५० रुपये म्हणजे १२५०, पूर्णांक म्हणून मिळवा आणि दाखवताना शंभरनं भागा.

मराठी किंवा कन्नड अंक दिले तर प्रोग्राम बेरीज करेल काय?

पायथन करतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. १२३ देवनागरीत लिहून इंटला द्या, बरोबर घेतो, कन्नड अंक दिले तरी घेतो. जावाचा पार्सइंटही घेतो. जावास्क्रिप्ट घेत नाही. सीमध्ये भारीच गंमत, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत एक देवनागरी अंक तीन बाइट खातो, त्यामुळं १२३ ची लांबी ९ येते आणि ते शून्य वजा करायचं गणित सगळं कोलमडतं. स्वतः करायचं असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्य २४०६ वर आहे आणि कन्नड शून्य ३३०२ वर, पुढचे नऊ अंक ओळीनं, तेवढं वजा केलं की झालं. इथल्या दुकानदारासाठी ॲप करणार असाल तर हे कराच.

आजोबा आण्या-पैच्या बेरजा सांगतात, त्या कशा करायच्या?

रुपयाला सोळा आणे, आण्याला बारा पै. हातचा दहावर न घेता बारावर आणि सोळावर घ्यायचा, बाकी सगळं तेच. ३ रुपये ११ आणे ९ पै आणि २ रुपये ७ आणे ८ पै. पै झाल्या १७, म्हणजे ५ पै आणि हातचा एक आणा. आणे ११ आणि ७ आणि १, एकोणीस, म्हणजे ३ आणे आणि हातचा एक रुपया. रुपये सहा. उत्तर ६ रुपये ३ आणे ५ पै. वरच्या प्रोग्राममध्ये १० च्या जागी प्रत्येक घराचा वेगळा पाया दिला की तोच प्रोग्राम हे करतो, तास-मिनिटं-सेकंदही करतो. १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांचा रुपया आला, त्याच्या पाचच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला होता. म्हणजे त्या वर्षी इथल्या माणसाचं राज्यही बदललं आणि खिशातली नाणीही.

पन्नास अंकी शंभर संख्या, बेरजेचे फक्त पहिले दहा अंक सांगा, असा प्रश्न प्रॅक्टिसला आला. सगळे अंक घ्यावे लागतात काय?

नाही. प्रत्येक संख्येचे पहिले बारा अंक घ्या, बाकीचे कापा. पन्नास अंकी शंभर संख्यांची बेरीज ५२ अंकीच येते, त्यामुळं घेतलेल्या बारा-बारा अंकांची बेरीज १४ अंकी येणार. कापलेल्या शेपट्या सगळ्या मिळूनसुद्धा त्या चौदाव्या अंकाच्या घरात शंभराच्या आतच भर घालतात. पहिले दहा अंक सोडून मागं चार अंक उरतात, ते ९,९०० च्या खाली असले की हातचा दहाव्या अंकापर्यंत पोचणारच नाही, उत्तर पक्कं. ९,९०० किंवा वर आले तर मात्र अजून दोन-तीन अंक घेऊन परत करा.